दात रोवण्याआधी हाड

१९६५ साली स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी दातांसाठी टायटॅनियमचे खुंट रोवले, तो पहिला रुग्ण जन्मतःच जबड्यात व्यंग असलेला होता. ते टिकले, कारण टायटॅनियमशी जिवंत हाड एकजीव होते.

तंबाखू, अनियंत्रित मधुमेह हे जुळणे बिघडवतात. मुखकर्करोगावर किरणोपचार झाले की जबड्याचा रक्तपुरवठा घटतो. नंतर दात काढल्यास जखम भरत नाही, हाडही मरू शकते. म्हणून किडके दात किरणांआधीच काढावे लागतात.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यातला कामगार उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जातो, तेव्हा दर फेरीला दिवसाची मजुरी बुडते. निदान ही दंततपासणी पालघरातच वेळेवर झाली, तर पुढे भाकरी चावण्याची आशा उरते.