थंडीच्या रात्री घाटात अडकलेली मोटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पौडाहून पश्चिमेस निघालेला रस्ता मुळशीच्या जलाशयाचा काठ धरून ताम्हिणी, निवे, आदरवाडी, डोंगरवाडी ही गावे मागे टाकीत रायगड जिल्ह्यातील विळ्यापाशी कोकणात उतरतो, आणि शनिवार-रविवारी पुण्याहून जी असंख्य कुटुंबे या मुलखात येतात त्यांच्या मनात या वाटेच्या धोक्याचे बहुधा एकच चित्र असते : आषाढ-श्रावणातला कोसळता पाऊस, सुटणाऱ्या दरडी आणि रस्त्यावरून वाहणारे लालसर पाणी. हे चित्र खोटे नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीस चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच सुमारास आदरवाडीजवळ दरड कोसळून मनुष्यहानीही झाली. परंतु पाऊस ओसरला, दिवाळी झाली, आकाश निरभ्र झाले, म्हणजे या अरण्यातली जोखीमही ओसरली, अशी जी समजूत लोक सोबत घेऊन निघतात ती मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या रात्री घाटात गाडी बंद पडली, वा आडरस्त्यावर चाक रुतले, तर आतल्या माणसांचे बरेवाईट पुढच्या सात-आठ तासांत ती काय करतात यावर ठरते. आणि त्या तासांत जे निर्णय घेतले जातात त्यांतले पुष्कळसे ऐकीव माहितीवर आधारलेले असतात.

पहिला आणि मुळातला गैरसमज असा, की जेथे बर्फ पडत नाही तेथे थंडीने माणूस दगावत नाही. शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि ते ३५ अंशांच्या खाली उतरले की वैद्यकशास्त्र त्या अवस्थेस शीतबाधा म्हणते. त्यासाठी भोवतालची हवा गोठणबिंदूस पोचण्याची मुळीच आवश्यकता नसते. हवेचे तापमान दहा अंशांच्या घरात, अंगावरचे कपडे ओले आणि जोडीला वारा, एवढी सामग्री एखाद्या वृद्धास, तान्ह्या मुलास, मद्यपान केलेल्यास किंवा दिवसभर डोंगर चढून थकलेल्या धडधाकट तरुणासही पुरेशी होते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. पुणे शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, यावरून या इलाख्याच्या थंडीची मजल कोठवर जाऊ शकते हे ध्यानात यावे. त्यातही खोऱ्याची एक विशेष गोष्ट आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते, तिच्या स्पर्शाने थंड झालेली जड हवा उतारावरून ओघळत सखल भागात साचते, आणि म्हणून डोंगराच्या कुशीतल्या सपाटीपेक्षा तळाशी असलेल्या ओढ्याकाठी गारठा अधिक असतो. पाण्याजवळ, सखल जागी गाडी लावून रात्र काढणे सोयीचे वाटते खरे, पण थंडीचा मुक्काम नेमका तेथेच असतो.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, आणि त्याच्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण त्याने माणूस झोपेतच जातो. 'काचा लावाव्यात, इंजिन चालू ठेवावे, उबेत निवांत पडावे' हा विचार थंडीने काकडणाऱ्या कोणाच्याही मनात साहजिकच येतो. चालत्या गाडीत तो बहुतांशी निर्धोक असतो, कारण मागून निघणारा धूर मागेच राहतो. परंतु उभ्या गाडीत तोच धूर भोवती कोंडतो, गंजलेल्या सायलेन्सरच्या भोकातून अथवा गाडीच्या बुडातील फटींतून आत शिरतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू आपले काम सुरू करतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो, त्यामुळे हवेतील त्याचे अल्पसे प्रमाणही रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. पुष्कळांना वाटते, की हवा बिघडली तर जीव गुदमरेल आणि आपोआप जाग येईल. वस्तुतः गुदमरल्याची जाणीव करून देणारी शरीराची व्यवस्था मुख्यतः कार्बन डायॉक्साइडच्या वाढीवर चालते. कार्बन मोनॉक्साइड तिला चाहूलही लागू देत नाही. डोके जड होणे, मळमळ, अंगातली शक्ती गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे असतात, आणि प्रवासाचा शीण म्हणून ती सहज अंगावर काढली जातात.

याच ठिकाणी एका नव्या गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. करोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, आणि त्यावर ९८ वा ९९ आकडा दिसला की सर्व ठीक आहे असा भरवसा लोकांना वाटू लागला. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन यांतला भेद कळत नाही. विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही तो तोच समाधानकारक आकडा दाखवू शकतो. अशा माणसाला मोकळ्या हवेत आणल्यावर 'आता बरे वाटते' एवढ्यावर सोडून देणेही बरोबर नाही, कारण साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, तर शुद्ध प्राणवायू दिल्यास तो अवधी दीड तासाच्या आसपास येतो. म्हणजे त्याला रुग्णालयात पोचविण्याची तजवीज करावयासच हवी.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या गिरिस्थानी हिमवर्षावात शेकडो गाड्या अडकून वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा थंडी आणि गाडीत कोंडलेला विषारी वायू ही दोन्ही कारणे पुढे आली होती. तेथे सायलेन्सरची तोंडे बर्फाने बुजली होती. मुळशीत बर्फ नाही, तरी ते तोंड बुजविणाऱ्या गोष्टींचा तोटा नाही. मागे घेताना मातीच्या बांधात घुसलेली गाडी, चिखलात बसलेला तिचा मागचा भाग, गच्च गवतात लावलेली गाडी, या साऱ्यांचा परिणाम एकच. वाळलेल्या गवताचा तर दुहेरी धोका आहे : धूर शुद्ध करण्यासाठी गाडीखाली बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांपर्यंत तापतो, आणि पौषातले कुरकुरीत गवत त्याला टेकले तर गाडीखालीच वणवा पेटू शकतो. इंजिन चालविणे भागच पडले तर आधी खाली उतरून मागची बाजू मोकळी आहे ना हे हाताने चाचपून पाहावे, तासातून दहाएक मिनिटेच चालवावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी, आणि तेवढा वेळ एकाने तरी जागे राहावे. उघडी काच ही मदत आहे, हमी नव्हे. मागची बाजू बुजलेली असताना तिच्या भरवशावर इंजिन चालवू नये. लहान मोटार उभ्या जागी तासाला सुमारे पाऊण ते एक लिटर इंधन खाते, म्हणून हा बेत काटकसरीचाही आहे. शेगडी, निखारे किंवा डोंगरावर मांस भाजण्यासाठी आणलेली कोळशाची भट्टी गाडीत अथवा तंबूत घेण्यास मात्र कोणताच अपवाद नाही. ज्वाला विझून निखारे मंद झाले की धोका टळला असे वाटते, आणि नेमक्या त्याच अवस्थेत धुराविना हा वायू भरपूर निघतो.

मग ऊब आणावी कोठून? शांत बसलेला प्रौढ माणूस सुमारे ऐंशी ते शंभर वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. चौघे एकत्र बसले तर गाडीत जवळजवळ चारशे वॅटची भट्टी आधीच धगधगत असते, फक्त ती उष्णता वाया जाऊ न देण्याचे काम उरते. सर्वांनी मागच्या बाकावर दाटीने बसावे, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, पायाखाली आसनांची आवरणे अथवा पायपोस अंथरावेत, वर्तमानपत्राचे कागद चुरगाळून सदऱ्याच्या आत कोंबावेत. ज्या धनगरांची आणि महादेव कोळ्यांची या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे त्यांच्या खांद्यावरचे घोंगडे या बाबतीत सुती चादरीपेक्षा कितीतरी सरस ठरते, कारण लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि भिजल्यावरही लोकर आपली ऊब पुष्कळ अंशी टिकवून धरते, तर भिजलेला सुती कपडा अंगाला चिकटून उष्णता शोषीत राहतो. गाडीच्या मागे एक घोंगडे कायमचे ठेवणे यासारखी स्वस्त आणि खात्रीची खबरदारी माझ्या माहितीत दुसरी नाही.

थंडीवर उतारा म्हणून दारूचा घोट सुचविणारे सल्लागार जेथे तेथे भेटतात. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त पृष्ठभागावर येते, म्हणून ऊब वाटते. पण तीच उष्णता बाहेर निघून जाते, शरीराचा गाभा निवत जातो आणि कापरे भरण्याची स्वाभाविक संरक्षक क्रियाही मंदावते. अर्धी उष्णता डोक्यातून जाते हीदेखील अतिशयोक्तीच. डोके उघडे टाकू नये हे खरे, परंतु त्याचा वाटा त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने, म्हणजे दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो. मनालीकडे वा काश्मिरात जाणाऱ्यांनी एवढे आणखी लक्षात ठेवावे, की हिमदंशाने बधिरलेली बोटे बर्फाने वा हातांनी चोळण्याचा जुना उपाय ऊतींना इजा करतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न : गाडीत थांबावे की चालत निघावे? 'पलीकडे दिवा दिसतो, गाव जवळच असेल' या विश्वासावर माणसे अंधारात उतरतात. मुळशीच्या बाबतीत हा विश्वास विशेष फसवा आहे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभारला त्या टाटांच्या धरणाने खोऱ्यातली गावे बुडविली आणि वस्ती जलाशयाभोवती विखुरली; जलाशयाचे फाटे डोंगरांत इतके खोलवर शिरले आहेत, की समोर हाकेच्या अंतरावर दिसणारा दिवा पुष्कळदा पैलतीरावरचा असतो आणि मध्ये पाणी पसरलेले असते. ताम्हिणीच्या भागाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्या रानात, किंवा भांबर्डे-तैलबैल्याच्या बाजूच्या निर्जन पठारावर, रात्री वाट चुकणे म्हणजे कड्याशी गाठ. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात नोव्हेंबर २००६ मध्ये एक कुटुंब डोंगरातल्या बर्फाळ रस्त्यावर अडकले. आठवडाभर वाट पाहून पिता मदत आणावयास पायी निघाला आणि थंडीने दगावला, तर गाडीजवळ राहिलेली माता आणि दोन लहान मुली सुखरूप सापडल्या. त्या पित्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. पण शोध घेणाऱ्यास एकट्या माणसापेक्षा गाडी फार लवकर दिसते, आणि वारा-दवापासून आडोसाही तीच देते. थांबणेच योग्य, हा म्हणून सर्वसाधारण नियम. त्याला अपवाद दोन : वस्ती खात्रीने ठाऊक आहे, रस्त्यानेच जाता येते आणि दिवस आहे, तर खुशाल निघावे, आणि पावसाळ्यात पाणी चढत असेल अथवा वरून दगड सुटत असतील तर क्षणाचाही विलंब न लावता गाडी सोडून सुरक्षित उंचवट्यावर जावे, कारण अर्धा मीटर वाहते पाणीही मोटार उचलून नेण्यास समर्थ असते. हिवाळ्याचा नियम पावसाळ्यात आणि पावसाळ्याचा हिवाळ्यात लावणे ही या घाटातली मोठी गफलत आहे.

मोबाइलविषयीही दोन शब्द. आपल्या कंपनीची रेंज नाही म्हणजे मदत मागता येत नाही, हे पूर्ण सत्य नव्हे. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक परिसरात ज्या कोणत्याही कंपनीचा संकेत मिळेल त्यावरून जोडला जाऊ शकतो. फोनमधील स्थाननिश्चिती उपग्रहांवर चालते, तिला मनोऱ्याची गरज नसते, म्हणून अक्षांश-रेखांश अथवा जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा टिपून घ्यावा आणि लघुसंदेशाने पाठवावा; बोलणे न जुळणाऱ्या क्षीण संकेतावरही असा संदेश कित्येकदा निघून जातो. मधल्या वेळी फोन विमान-अवस्थेत ठेवावा, नाहीतर मनोरा शोधता शोधता त्याची बॅटरी संपते.

परंतु फोनवर सर्व भिस्त ठेवण्याचे दिवस अजून या घाटात आलेले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याकडच्या सहा तरुणांची गाडी ताम्हिणीच्या दरीत कोसळली आणि सहाही जण गेले. संपर्क तुटल्याने घरचे व्याकूळ झाले, मोबाइलच्या शेवटच्या ठिकाणाचा माग काढीत आणि ड्रोनने दरी धुंडाळीत त्यांचा शोध लागला तेव्हा मध्ये दिवस उलटले होते. अशा भीषण आघातापुढे कोणतीही दक्षता कदाचित अपुरी ठरते. मात्र जी गाडी नुसती अडकली आहे आणि जिच्यातली माणसे जिवंत वाट पाहत आहेत, तिच्यासाठी शोध किती लवकर सुरू होतो याला प्राणांचे मोल असते. म्हणून निघताना घरी एका माणसाला तीन गोष्टी लिहून द्याव्यात : कोणत्या रस्त्याने जाणार आणि कोणत्या रस्त्याने येणार, गाडीचा क्रमांक, आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास पौड पोलीस ठाण्यास अथवा ११२ वर वर्दी द्यावयाची ती वेळ. बेत बदलून लोणावळ्याऐवजी कोकणात उतरण्याचे ठरले, तर शेवटची रेंज असेल तेथेच थांबून तो बदल कळवावा. शोधपथक कळविलेल्या वाटेवरच आधी जाते.