विष्णुपुरीतून जवळा बाजारापर्यंत

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या मेडिकलमध्ये काउंटरमागे उभा असलेला फार्मासिस्ट ज्या शिक्षणातून येतो, त्याची सुरुवात शोधायला १९३० पर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा औषध बनवणं आणि विकणं यावर देशात फारसा धरबंध नव्हता. भेसळीच्या तक्रारी वाढल्या आणि सरकारने कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने कायदाही मागितला आणि शिकलेली माणसंही. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र हा विषय सुरू केला, १९३७ मध्ये तिथे बी. फार्म. ही पदवी आली. मार्च १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला, तेव्हा आपला मराठवाडा अजून निजामाच्या राज्यात होता.

मुंबईत १९५७ मध्ये बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी उभं राहिलं. आपल्याकडे मात्र विद्यापीठच १९५८ मध्ये आलं, तेही औरंगाबादला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चं. हिंगोली जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो आणि विष्णुपुरीच्या परिसरात त्याचं औषधनिर्माणशास्त्र संकुल आहे.

हे शिक्षण कशासाठी, याचं उत्तर १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाने फार क्रूरपणे दिलं. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं; चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. प्रयोगशाळेत नमुना तपासणारा माणूस नुसता पदवीधर असून भागत नाही, चुकीच्या कागदावर सही न करण्याची हिंमतही त्याच्यात लागते. ती शिकवणं हे संकुलाचंच काम आहे.

आपल्या भागाला तर या शास्त्राची जास्तच गरज. वसमत, औंढा ही हळदीची शिवारं. जखमेवर हळद लावायच्या आपल्या घरगुती उपचारावर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने लेखी पुरावे मांडून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. पण पेटंट रद्द झालं म्हणून औषध तयार होत नाही. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. ते उतरवायचं कसं, कोणत्या वाणात ते किती, शिजवताना आणि वाळवताना किती घटतं, हे प्रश्न आपल्या विद्यापीठाने आपल्याच हळकुंडांवर सोडवावेत, असं मला मनापासून वाटतं.

खरी उणीव मात्र काउंटरवर आहे. डी. फार्म. या पदविकेला ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. २०१४ च्या नियमांनी आखलेल्या बी. फार्म.मध्ये ‘फार्मसी प्रॅक्टिस’ येते ती थेट सातव्या सत्रात, आणि तिला प्रात्यक्षिक नाही. गोळी बनवायला मुलं चार वर्षं शिकतात, ती कशी घ्यायची हे माणसाला सांगायला जवळजवळ नाहीच.

साधी ओआरएसची पुडी घ्या. मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायची असते. घरी ती थोडी थोडी पेल्यात टाकली जाते, क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि जुलाबाने गळालेल्या लेकराला उलट अपाय होऊ शकतो. “ताई, आधी लिटरभर उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या, सगळी पुडी त्यात टाका, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.” एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. बी. फार्म.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी काही आठवडे ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर उभं राहून हे बोलावं आणि त्याचे गुण गुणपत्रिकेत धरले जावेत.