दहाच्या भोकाआधी तीनचं भोक का?

नागपूरच्या सक्करदऱ्यात ग्रिल-गेट बनवणारा जाणता कारागीर जाड लोखंडी पट्टीत दहा मिलिमीटरचं भोक पाडताना थेट दहाचं ड्रिल लावत नाही. आधी पंचाची खूण, मग तीनचं ड्रिल, मग दहाचं. या सवयीमागे पक्कं गणित आहे.

दहाचं ड्रिल मिनिटाला 800 फेरे घेतं तेव्हा बाहेरच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे 25 मीटर असतो. मध्याकडे तो घटत जातो आणि नेमक्या मध्यावर शून्य होतो. तिथे दोन मुख्य धारांना जोडणारी एक आडवी, बोथट कडा असते. ती धातू धड कापत नाही, रेटून बाजूला सारते. ही कडा व्यासाच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी, पण ड्रिल खाली दाबायला लागणाऱ्या जोरातला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा बहुधा तिचाच. तीनचं भोक आधी पाडलं की तिच्या वाट्याला धातूच उरत नाही.

हे बल मोजण्यासाठी अभियंते धारेचे बारीक तुकडे कल्पतात. प्रत्येक तुकड्याचा कोन आणि वेग निराळा. एकेकाचं बल काढायचं, मग बेरीज. धातू कापला जाताना किसावर काय घडतं याचं सूत्र युजीन मर्चंट यांनी 1945च्या सुमारास अमेरिकेत मांडलं. 1957 मध्ये मिल्टन शॉ आणि त्यांचे सहकारी ऑक्सफर्ड यांनी ड्रिलसाठी सूत्रं दिली. त्यांनुसार फीड, म्हणजे एका फेऱ्यात ड्रिल जितकं खाली सरकतं ते अंतर, तेवढंच ठेवून व्यास दुप्पट केला तर टॉर्क, म्हणजे ड्रिल फिरवायला लागणारा पीळ, साधारण साडेतीनपट होतो. फीड दुप्पट केलं तर मात्र पावणेदोनपटच. म्हणजे भीतभीत हळू दाबल्याने श्रम वाचत नाहीत. तेवढाच धातू काढायला ऊर्जा जास्त लागते आणि धार घासून जाते.

मला या गणिताचा सर्वांत मोठा उपयोग भोक आरपार जातानाच्या क्षणी दिसतो. मधली कडा पट्टीबाहेर पडते तसा खालचा विरोध एकदम ओसरतो, पण हाताचा दाब तोच असतो. ड्रिल पुढे झेपावतं, धारा जाड थर पकडतात, टॉर्क उसळतो आणि हाताने धरलेली पट्टी गरकन फिरते. बोटं कापली जातात ती अशी.

तेव्हा कारागीर बंधूंनो, पट्टी नेहमी वाइसमध्ये किंवा क्लॅम्पने आवळा, फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका आणि भोक आरपार जायला आलं की दाब सैल करा.