आंग्र्यांचं अलिबाग

महागाव तालुक्याला पैनगंगा आहे, समुद्र नाही. तरीही यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्या गावांतून एखादा मुलगा नौदलात भरती होतो, ओडिशात आयएनएस चिल्कावर प्रशिक्षण घेतो आणि मुंबईत आला की तिथल्या नौदल तळाचं नाव ऐकतो, ‘आयएनएस आंग्रे’. हे नाव ज्या घराण्याचं, तेही मूळचं दर्यावर्दी नव्हतं. अलिबागला सहलीला जाणाऱ्या विदर्भातल्या मंडळींनी किनारा आणि मासळी यांपलीकडे जाऊन या घराण्याच्या खुणा आवर्जून पाहाव्यात.

घराणं संकपाळांचं. मावळातल्या आंगरवाडीवरून त्यांना आंग्रे म्हणू लागले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. मुलगा कान्होजी मोठा होत गेला तो किल्ले आणि गलबतं यांच्या संगतीत. 1698 च्या सुमारास राजाराम महाराजांच्या काळात ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले, 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने दस्तक घ्यावं, नसेल तर ते धरावं, हा राज्याचा हक्क होता. पोर्तुगीजही परवाने देऊन तेच करत आले होते. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले.

तो कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोरच आहे. ओहोटीला पायी जाता येतं. चहूकडे खारं पाणी, आत मात्र गोड्या पाण्याची सोय. राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळही तिथेच.

कान्होजी 4 जुलै 1729 रोजी वारले. मोठा मुलगा सेखोजी 1733 मध्ये गेला आणि भावांत तंटा सुरू झाला. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्गाला, अशी घराची दोन शकलं झाली. संभाजीच्या मागून आलेल्या त्याच्या भावाचं, तुळाजीचं, पेशव्यांशी बिनसलं. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. तुळाजी कैदेतच मेला. घरचं भांडण मिटवायला परक्याच्या तोफा बोलावणं, ही मराठी राज्याची घोडचूक होती असं मला ठामपणे वाटतं. त्यानंतर पश्चिम समुद्रावर इंग्रजांना अडवेल असं मराठी आरमार पुन्हा उभं राहिलं नाही. अलिबागची गादी पुढे टिकली, पण 1840 मध्ये तीही इंग्रजांनी खालसा केली.

कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. किल्ल्याकडे गर्दी असते, इकडे फारसं कोणी वळत नाही. मुंबईहून येणाऱ्यांना गेटवे ते मांडवा बोट सोयीची. किल्ल्यात जाताना ओहोटीची वेळ गावात विचारून घ्या, भरती लागायच्या आत परत फिरा, आणि समाधीसाठी अर्धा तास नक्की राखून ठेवा.