जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्कची मूळ आखणी

शेतजमिनीची मोजणी झाल्यावाचून तिचा उतारा तयार होत नाही. आधी हद्दीचे दगड रोवले जातात, क्रमांक पडतात आणि त्यानंतरच नावांची नोंद होते. १९८० नंतरच्या दशकातील व्यक्तिगत संगणकांच्या हार्ड डिस्कबाबतही हाच क्रम पाळावा लागे. माहिती साठविण्यापूर्वी डिस्कची जी मूळ आखणी करावी लागे, तिला ‘लो लेव्हल फॉरमॅटिंग’ म्हणतात. असे जुने संगणक जतन करणाऱ्यांना या क्रियेचे ज्ञान आजही आवश्यक आहे.

डिस्कची रचना

सीगेट कंपनीने १९८० मध्ये ५ मेगाबाइट क्षमतेची एसटी-५०६ ही डिस्क बाजारात आणली. आयबीएम कंपनीच्या १९८३ मधील पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क होती. त्या वर्गातील एसटी-४१२ या डिस्कच्या चार पृष्ठांवर प्रत्येकी ३०६ वर्तुळाकार मार्ग असत. आखणीच्या वेळी प्रत्येक मार्गाचे १७ कप्पे पाडले जात. एका कप्प्यात ५१२ बाइट मावत. अशा रीतीने २०,८०८ कप्पे तयार होत.

प्रत्येक कप्प्याच्या आरंभी मार्ग, पृष्ठ आणि कप्पा यांचे क्रमांक व पडताळणीचा अंक चुंबकीय रूपाने लिहिला जाई. हेच त्या कप्प्याचे हद्दीचे दगड होत. ते नसतील तर कंट्रोलर कार्डास कोणताही कप्पा ओळखता येत नाही.

क्रमांकांची मांडणी

ही डिस्क मिनिटास ३,६०० म्हणजे सेकंदास ६० फेरे घेई. एक कप्पा वाचून संगणक पुढील कप्प्यासाठी सज्ज होईपर्यंत तो कप्पा हेडखालून निघून जाई आणि पूर्ण फेरा वाट पाहावी लागे. त्यामुळे संपूर्ण मार्ग वाचण्यास सुमारे १७ फेरे लागत. यावर उपाय म्हणून लागोपाठचे क्रमांक काही कप्पे सोडून दिले जात. पीसी एक्सटीमध्ये हे प्रमाण सहास एक असे होते. त्यामुळे तेच काम ६ फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात होई. हे प्रमाण आखणीच्या वेळीच ठरवावे लागे.

पुन्हा आखणी कशासाठी?

या डिस्कमधील हेड स्टेपर मोटरच्या साहाय्याने ठरावीक पावलांनी सरकत असे. उष्णतेने व झिजेने त्याची जागा किंचित ढळे. मजकूर वारंवार नव्याने लिहिला जाई, परंतु कप्प्यांचे क्रमांक एकदाच लिहिलेले असत. कालांतराने दोहोंत अंतर पडून ‘कप्पा सापडत नाही’ अशी सूचना येई. अशा वेळी, तसेच वेगळ्या बनावटीचे कंट्रोलर कार्ड बसविल्यास, पुन्हा आखणी करावी लागे.

कार्यपद्धती

(१) वाचता येईल तेवढ्या सर्व माहितीची प्रथम अन्यत्र नक्कल करावी. आखणीने डिस्कवरील सर्व मजकूर नष्ट होतो.

(२) डिस्क ज्या स्थितीत वापरावयाची, त्याच स्थितीत ठेवावी आणि ती पुरेशी तापल्यावर काम आरंभावे.

(३) डिस्कवरील चिठ्ठीत छापलेली सदोष जागांची यादी उतरून घ्यावी व विचारणा होताच ती भरावी.

(४) डॉसमधील डीबग आज्ञेद्वारे कार्डावरील आखणीची सूचनावली चालवावी. अनेक कार्डांवर तिचा पत्ता सी८००:५ असा असे. तथापि कार्डाची पुस्तिका पाहूनच खात्री करावी.

(५) त्यानंतर एफडिस्क आज्ञेने विभाग पाडावेत व फॉरमॅट आज्ञा द्यावी. हार्ड डिस्कवर फॉरमॅट आज्ञा केवळ नोंदवही तयार करते, मूळ आखणी करीत नाही.

दक्षता

कंट्रोलर डिस्कवरच बसविलेल्या आयडीई जातीच्या डिस्क १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. त्यांची आखणी कारखान्यातच होते. हेडला मार्ग दाखविणाऱ्या खुणाही पुढे तेथेच लिहिल्या जाऊ लागल्या. त्या खुणा घरी किंवा कार्यालयात पुन्हा लिहिता येत नाहीत. म्हणून अशा डिस्कवर वरील पद्धत अवलंबू नये.

शाळेच्या वा कार्यालयाच्या अडगळीत असा संगणक आढळल्यास आखणीची घाई करू नये. त्यातील हजेरीपट, हिशेब किंवा दाखल्यांची दुसरी प्रत कोठेही नसण्याचा संभव असतो. हद्दीचे दगड पुन्हा रोवता येतात; पुसलेली नोंद मात्र परत मिळत नाही.