गुटगुटीत मुलांच्या धमन्या
‘वयात आला की सडसडीत होईल,’ म्हणत घरचे मुलाच्या वजनाकडे काणाडोळा करतात. धमन्या मात्र तेवढं थांबत नाहीत. पोटाभोवतीची चरबी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट करते. मग शरीर जास्त इन्सुलिन बनवतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, रक्तदाब चढतो. धमनीच्या आतल्या नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी मिळू लागलं की ती पुरेशी सैलावत नाही. पुढे भिंत जाड, ताठर होते. रक्तात ट्रायग्लिसराइडही वाढलेले सापडतात.

अमेरिकेत लुइझियानातल्या बोगालुसा गावी १९७३ पासून मुलांची नियमित तपासणी झाली. त्यांच्यापैकी जे अपघात वगैरे कारणांनी तरुणपणीच दगावले, त्यांच्या शवविच्छेदनात महाधमनीत आणि हृदयाच्या धमन्यांत चरबीचे पट्टे दिसले. हयातीत वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जितकं जास्त, तितके पट्टे अधिक.

लहान मुलाचा दाब वय, लिंग आणि उंचीच्या तक्त्याशी ताडतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या निकषांनुसार १३ वर्षांपासून १३०/८० किंवा त्याहून अधिक म्हणजे उच्च. एकाच मोजणीवर निदान करत नाहीत. दंडाचा पट्टा लहान पडला तर आकडा फुगतो (हे फार वेळा घडतं), म्हणून जाड दंडाला मोठा पट्टा मागून घ्यावा.