आपल्या शिवेतला ठेवा कसा शोधावा

शाळेची सहल काढायची म्हटली की आपली नजर लांब धावते. वेरूळ, अजिंठा, रायगड. तिथे जरूर जावे. पण आपल्याच शिवेत काय आहे, याची विचारपूस आधी करावी. ती कशी करायची, हे आज वसई तालुक्याच्या उदाहरणाने पाहू.

पहिली खूण म्हणजे लोकांच्या तोंडची नावे. नालासोपाऱ्यातल्या एका टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे सुपे-टोपल्या विणणारा. आता पाहा, सोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक, आणि शूर्प म्हणजे सूप! जुन्या नावाचा अर्थ असा गोष्टीच्या रूपाने टिकला असावा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड उकरले, तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक ठेवलेल्या डब्या, आणि भोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेल्या. स्तूप मात्र जागेवर आहे.

दुसरी खूण अक्षरांची. त्याच वर्षी सोपाऱ्याच्या भातेळा तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. १९५६ साली भुईगावला नवव्या आज्ञेचा तुकडा सापडला. दोन्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आठव्या आज्ञेत काय सांगितले आहे? पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी हिंडत. अशोक मात्र यात्रा करू लागला ती वृद्धांना भेटायला आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा धडा आपल्या सहलीलाही लागू आहे.

तिसरी खूण उभ्या वास्तूंची. वसईचा किल्ला आपण पाहतो. पण तो वाचावाही लागतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पडक्या चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आहेत. त्याच कोटात मराठ्यांच्या काळची देवळेही आहेत. म्हणून मुलांना सांगावे, दगडाला धर्म विचारू नका, त्याचे वय आणि काम विचारा. इथल्या घंटा कुठे गेल्या, तेही शोधण्याजोगे आहे. भीमाशंकरची आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या विजयातली म्हणून सांगतात.

चौथा ठेवा दगडात नसतो, तो माणसांत असतो. वाडवळी आणि सामवेदी बोली, म्हाताऱ्या बायांचे लाल लुगडे, लग्नातली गाणी, आगाशीकडची उन्हात वाळवलेली सुकेळी. स्तूप हजारो वर्षे टिकला. पण आजीच्या तोंडचा शब्द आजीबरोबर जातो.

आणि वेळ थोडा आहे, बरं का. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्या मोडून इमारती उठल्या, तळी बुजली. कोरीव दगड कोणी पायाला घालतो, कोणी त्याला रंग फासतो. जागेवरून हललेला दगड अर्धा मुका होतो, कारण तो कुठे होता यातच त्याची निम्मी हकीगत असते.

म्हणून शिक्षकबंधूंनी शाळेत एक वही घालावी. वस्तू काय, नेमकी कुठे आहे, लोक तिला काय म्हणतात, माहिती कोणी व कोणत्या तारखेला सांगितली, एवढे चार रकाने पुरेत. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. मुलांनी दगड घासू नये, चुना-तेल लावू नये, हलवू नये. शेतकरी बंधूंनीही एक ध्यानात ठेवावे. नांगरताना किंवा विहीर खणताना पुरलेली वस्तू मिळाली आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला विचारले तर अर्ज कसा करायचा ते कळेल.

पहिल्या रविवारी फार लांब जाऊ नका. आपल्या गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडे मुलांना न्या आणि तळ्याचे नाव कसे पडले, एवढेच विचारा.